वरचा सूर

मी झेपलिनचा, रॉय टँटर सॅबथचा.
एवढ्यावरून आमचं बावन्न वर्षं पटलं नाही,
आणि दुसऱ्या कशावरून भांडायला सवडच झाली नाही.

क्रॅडली हीथला, मिलवर्डच्या फोर्जमध्ये
तीन टनी घणाच्या दोन अंगांना आम्ही उभे.
तो सांडशीत लाल लोखंड धरायचा, मी घण सोडायचो.
बोलणं अशक्य. म्हणून ओठ वाचायला शिकलो,
आणि त्याच्या ओठांवर मी वाचलेला पहिला शब्द
शिवी होती,
माझ्या बँडच्या नावाने.

त्याचं म्हणणं साधं:
झेपलिन म्हणजे रविवारचे कपडे.
डोंगर, पऱ्या, मेलेल्या राजांच्या गोष्टी,
आणि मध्येच मँडोलिन!
मँडोलिन काय वाजवतोस, न्हाव्याच्या दुकानात आहेस का?
सॅबथ म्हणजे सोमवार.
सहाचा भोंगा, अ‍ॅस्टनच्या काळवंडलेल्या गल्ल्या.
त्यांच्या गिटारवाल्याच्या बोटांची टोकं
पत्र्याच्या यंत्राने खाल्ली,
त्याने प्लॅस्टिक वितळवून नवी टोकं केली
आणि तारा सैल सोडल्या.
"सैल तार," स्वतःची अर्धी करंगळी नाचवत रॉय म्हणायचा,
"हीच आपली युनियन."

मी म्हणायचो, सोमवार मला फुकट मिळतो,
त्याच्यासाठी दुकानात पैसे कशाला मोजू?
माझा गायकही इथलाच, वेस्ट ब्रॉमविचला जन्मलेला,
पण त्याचा सूर वर गेला
की कालव्याकाठची सगळी धुराडी खाली राहायची.
बापाचं सगळ्यात चपळ कबूतर खुराड्यातून सुटावं
आणि आपण मान वर करून बघत राहावं,
येतंय का परत.

ऐंशी साली माझा ड्रमवाला मेला.
उरलेल्या तिघांनी दुकान बंद केलं.
रॉयच्या बँडने तोवर गायक बदलला होता,
पुढेही बदलत राहिले.
मी म्हटलं, बघ, याला म्हणतात इमान.
तो म्हणाला, याला म्हणतात खाडा.
घण थांबतो का कुणासाठी?

मग घणच थांबला. त्र्याऐंशीत.
भंगारात गेला; किलोला काय भाव आला
ते आम्हाला कुणी सांगितलं नाही.

रॉयची डोरीन सत्त्याऐंशीत गेली.
तिचा कप त्याने खुंटीवरून अजून काढलेला नाही,
शेजारच्या खुंटीवर दुसरा टांगला नाही.
मी दोन घटस्फोट करून
तिसरीच्या घरात तिच्या कुत्र्यासह राहतो.
आता तुम्हीच सांगा,
कुणी कुणाचा बँड वाजवला.

परवाच्या मंगळवारी डडलीच्या इस्पितळात
दोघे कान दाखवायला गेलो.
ओयेलारन नावाची पोरगी, तिशीतली, हात गार.
काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबा.
मी इतका वेळ दाबलं नाही
की वाटलं, यंत्र बिघडलंय.
मग तिने कागद पुढे केला:
रेघ सपाट चालत येते
आणि चार हजारापाशी खाणीत पाय घसरावा तशी जाते.
शेजारी रॉयचा कागद.
तीच खाण. एकाच घणाने खणलेली.

"वरचे सूर गेलेत," ती मोठ्याने म्हणाली,
"चिमण्या, नातवंडं, दाराची बेल.
खालचे शाबूत आहेत."

रॉयने टेबलावर थाप मारली.
खालचे शाबूत! लागला निकाल, नेव्ह,
सरकारी शिक्क्यासकट!
बसमध्ये पाच थांबे तो हसत होता.

संध्याकाळी माझ्याकडे आला,
कोपऱ्यातल्या खुर्चीत कुत्र्याला ढकलून बसला.
मी रेकॉर्ड लावली. तो काही बोलला नाही.
गिटार आली. ड्रम आला, छातीवर बसला.
आणि जिथे तो सूर वर जातो
तिथे ढग.
नुसता ढग, आणि खाली ड्रम चालू.
मी मान वर करून बसलो, सवयीने.

तेव्हा रॉयने, डोळे मिटलेले,
अर्धी करंगळी वर केली.
बरोबर त्या जागी. मात्राभरही इकडेतिकडे नाही.
आणि सूर उतरेतो तशीच वर धरली.

मी त्याच्या ओठांकडे पाहिलं.
शिवी होती.